स्वस्तात बिऱ्हाड : कुणाच्या पैशात?

धुळे जिल्ह्यातल्या ज्या तालुक्यात आमचे कुटुंब सल्ला केंद्र आहे, तिथून सुरतेला बिऱ्हाड हलवणे ही काही बातमी नाही. दिवाळी झाली की गावागावांत चार-दोन घरांना कुलूप लागते. कुणाचा मेहुणा उधन्याला मागावर असतो, कुणाचा भाचा डिंडोलीत खोली घेऊन राहतो. पारावर, एस.टी. स्टँडवर, लग्नाच्या मांडवात एकच वाक्य ऐकू येते, "यंदा आमचंबी ठरलं." या 'ठरलं'चा कर्ता कोण, एवढाच माझा प्रश्न आहे.

मागच्या हिवाळ्यात एक गृहस्थ केंद्रात आले. तक्रार अशी की बायको सुरतेला यायला तयार नाही, तुम्ही ताई लोकांनी तिची समजूत घालावी. आपण किती विचार करून ठरवले आहे हे दाखवायला त्यांनी खिशातून वहीचे पान काढले. पानावर हिशेब होता आणि तो नीटनेटका होता हे मी आधीच सांगते, कारण या लेखात मला त्या गृहस्थांची टिंगल करायची नाही. खोलीचे डिपॉझिट 10,000. पहिल्या महिन्याचे भाडे 4,000. सामानाचा टेम्पो 6,500. माणसांची तिकिटे 1,000. गॅस, बल्ब, बादल्या वगैरे 1,500. पहिल्या महिन्याचा किराणा 3,000. एकूण 26,000. खाली दुहेरी रेघ आणि शेजारी शेरा : 'यात सगळे बसते'.

पानाच्या दुसऱ्या बाजूला जमा होती. बकऱ्या दोन, 14,000. आणि 'घरातून', 12,000.

बायको दुसऱ्या दिवशी आली. तेच पान समोर ठेवून आम्ही तिला एकेक रकमेचा अर्थ विचारला. दोन्ही बकऱ्या तिने माहेरून आणलेल्या एका पाटीपासून वाढवलेल्या. 'घरातून'मधले 7,000 तिच्या बचत गटातले, सहा वर्षे दरमहा टाकलेले. उरलेले 5,000 तिच्या गळ्यातले सोन्याचे मणी गहाण ठेवून यायचे होते. म्हणजे 26,000 पैकी 26,000 तिचे. त्या पानावर तिचे नाव मात्र कुठेही नव्हते. आधी विचारले होते का, या प्रश्नावर ती अहिराणीत एवढेच म्हणाली, "माले कोन इचारस?"

हे एकच घर नाही. त्यानंतर अशी पाने मी मुद्दाम मागून घेऊन पाहू लागले. रकमा बदलतात, 'घरातून' हा शब्द बदलत नाही. पुरुषाच्या मालकीचे काही विकले तर त्याचे नाव येते : 'मोटारसायकल विकून', 'शेळके मामांकडून उसने' अशासारखी नोंद असते. बाईचे विकले की ते 'घरातून' होते. आपल्या चळवळीने घरकामाच्या अदृश्य श्रमांबद्दल इतकी वर्षे लिहिले, बोलले. इथे श्रमच काय, रोख पैसासुद्धा अदृश्य होतो.

आता जे त्या पानावर नव्हतेच त्याकडे येऊ. ही बाई गावातल्या जिल्हा परिषद शाळेत पोषण आहार शिजवते. महिन्याला 2,500 रुपये, वर्षातले दहा महिने. म्हणजे 25,000. जुलै 2024 पासून 'लाडकी बहीण'चे 1,500 रुपये तिच्या स्वतःच्या खात्यात येतात. वर्षाचे 18,000. दोन्ही मिळून 43,000 रुपये. बिऱ्हाड हलवायला लागणारा खर्च 26,000, तोही एकदाच. बाईचे बुडणारे उत्पन्न 43,000, तेही दर वर्षी. यात कापूस वेचणीची मजुरी धरलेली नाही, बकरीचे दूध धरलेले नाही, बांधावरची भाजी आणि फुकटचे सरपण धरलेले नाही. सुरतेत यातली प्रत्येक गोष्ट दुकानातून येणार. मग 'स्वस्तात' हा शब्द कुणाच्या बाजूने वापरला आहे?

गृहस्थांचे उत्तर तयार होते. तिकडे महिन्याला 18,000 पक्के, इथे महिन्यातले पंधरा दिवस काम नाही. खरे आहे. त्यांची बेरीज चुकीची नव्हती. पण 18,000 त्यांच्या हातात येणार आणि 43,000 तिच्या हातातून जाणार, हा फरक बेरजेत दिसत नाही. घर म्हणजे एकच खिसा असे धरले की कुठलाही हिशेब जुळतो. सल्ला केंद्रात बसून आम्ही रोज पाहतो की घरात खिसे दोन असतात, आणि पोराच्या औषधाला पैसे कुठल्या खिशातून निघतात तेही पाहतो.

शिकत असताना आम्हाला स्थलांतराची 'ढकलणारी' आणि 'ओढणारी' कारणे पाठ करावी लागत. दुष्काळ ढकलतो, कारखाना ओढतो. बाईच्या बाबतीत ही विभागणी पहिल्याच पायरीला अडते. सरकारच्या 2020-21च्या श्रमबल सर्वेक्षणात देशातल्या सुमारे 48 टक्के स्त्रिया स्थलांतरित म्हणून मोजल्या गेल्या, पुरुष 11 टक्क्यांच्या आत. मग स्त्रियाच जास्त हिंडतात म्हणायचे का? कारण विचारले तर त्या स्त्रियांपैकी जवळजवळ 87 टक्क्यांपुढे 'विवाह' लिहिलेले. उरलेल्यांतला मोठा भाग आईवडिलांच्या किंवा कमावत्या माणसाच्या मागून गेलेला. आपल्या देशात सर्वांत जास्त घर बदलणारा माणूस बाई आहे आणि कुठे जायचे हे सर्वांत कमी ठरवणारा माणूसही तीच आहे. एकदा लग्नात बिऱ्हाड बदलले की पुढच्या प्रत्येक वेळी ते तिच्या अंगवळणी पडलेलेच आहे असे सगळे धरून चालतात.

राज्याची सीमा मध्ये आली की हे आणखी अवघड होते. जळगाव-उधना या साधारण तीनशे किलोमीटरच्या रेल्वेमार्गावर नवापूर स्टेशन आहे. स्टेशन अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. तिथल्या बाकड्यावर दोन राज्यांची नावे रंगवलेली आहेत आणि लोक कौतुकाने मध्ये बसून फोटो काढतात. बाकडे दोन राज्यांत राहू शकते. बाईचे हक्क त्या बाकड्याच्या एका टोकाला संपतात.

कुठले हक्क पलीकडे येतात आणि कुठले येत नाहीत हे निघण्याआधी कळायला हवे. रेशनचे धान्य येते. 'एक देश एक रेशन कार्ड' ही व्यवस्था 2022 पर्यंत सर्व राज्यांत लागू झाली. अन्न सुरक्षा कायद्याखाली येणाऱ्या घराला सुरतेतल्या दुकानातही अंगठा लावून माणशी 5 किलो धान्य मिळायला हवे, काही जणांचे इकडे आणि काही जणांचे तिकडे असेही घेता येते. दुकानदार पहिल्या फेरीला 'तुमचं कार्ड महाराष्ट्राचं' म्हणून परत पाठवतो, तेव्हा परत फिरू नये. गंमत अशी की 2013च्या या कायद्याने घरातली 18 वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री हीच रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख ठरवली आहे. कागदावर ती कुटुंबप्रमुख आहे, पण कुटुंब कुठे राहणार हे तिला टेम्पो दारात आल्यावर कळते.

'लाडकी बहीण' येत नाही, ती महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी आहे. 'पत्ता गावचाच ठेवा, कोण बघतंय' असा सल्ला देणारे पुष्कळ आहेत. पकडली गेली तर वसुलीची नोटीस बाईच्या नावाने निघेल, सल्ला देणाऱ्याच्या नाही. सासूला श्रावणबाळ योजनेचे पैसे मिळत असतील तर तेही महाराष्ट्रातल्या वास्तव्याला बांधलेले. म्हणून म्हातारी गावातच राहते. आणि म्हातारी गावात राहिली की तिच्याजवळ कुणीतरी राहायला हवे. त्या वहीच्या पानावर कोपऱ्यात लिहिले होते, 'मोठी आजीजवळ'. मोठी म्हणजे तेरा वर्षांची मुलगी. आजीचे 1,500 वाचवण्यासाठी एक मुलगी मागे ठेवली, ही रक्कम कुठल्या रकान्यात घालायची? दहा वर्षांचा मुलगा सोबत जाणार होता, तिकडे शाळा चांगली म्हणून.

अनुसूचित जाती-जमातींच्या घरांना आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. नंदुरबारकडची भिल्ल बाई सुरतेत गेली तर तिकडेही भिल्ल अनुसूचित जमातीतच मोडतात, पण तिच्या महाराष्ट्रातल्या दाखल्यावर गुजरात सरकारची नोकरी किंवा राखीव जागा मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1990 साली हे तत्त्व घालून दिले आणि 2018 साली पुन्हा पक्के केले. ज्यांना शिक्षणातूनच वर यायचे आहे अशा मुलीचे यात किती नुकसान होते ते कुठल्याही 'स्वस्त' बिऱ्हाडाच्या हिशेबात नसते.

शाळेचे मात्र नीट माहीत करून घ्यावे. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट म्हटले आहे की शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. सुरत महानगरपालिका गुजरातीखेरीज मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळाही चालवते, कारण खान्देशातून माणसे तिथे पिढ्यान् पिढ्या जात आहेत. पण खोली घेताना शाळा किती लांब आहे हे कोण विचारते? खोली गिरणीपासून किती लांब आहे हे विचारले जाते. आणि आठवीनंतर मराठीत पुढची सोय जवळपास आहे की नाही हे तर मुलगी आठवी पास झाल्यावरच विचारले जाते. तोवर घरात दुसरी एक सोय झालेली असते.

ती सोय म्हणजे दारात येणारे काम. सुरतेच्या कापड धंद्यातले शेवटचे हात मागावर फिरत नाहीत, ते लिंबायत-गोडादऱ्याच्या खोल्यांतून फिरतात. साडीला लेस लावणे, खडे चिकटवणे, लोंबणारे धागे कापणे. ठेकेदार गठ्ठा टाकून जातो, नगावर पैसे देतो. डाग पडला तर कापून घेतो. वीज आपली, जागा आपली, पाठ आपली. नवरा पाहुण्यांना सांगतो, "ती घरीच असते." दहा-बारा तास काम करणारी बाई जनगणनेला आणि नवऱ्याला एकाच वेळी बेकार दिसू शकते, हे या धंद्याचे कौशल्य आहे.

असंघटित स्त्रियांच्या कामाबद्दल इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने 1988 साली 'श्रमशक्ती' अहवाल दिला. घरी बसून काम करणाऱ्या बायांना कामगार म्हणून मोजा, असे त्यात बजावले होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1996 साली गृहाधारित कामाचा करार, क्रमांक 177, संमत केला. त्यामागे याच गुजरातेतल्या 'सेवा'च्या बायांचा रेटा होता. भारताने त्याला आजवर मान्यता दिलेली नाही. उलट 2016 साली बालमजुरीच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि चौदा वर्षांखालच्या मुलांनी शाळा सांभाळून कौटुंबिक उद्योगात मदत करायला मोकळीक मिळाली. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बापाच्या दुकानात बसलेला मुलगा असेल. माझ्या डोळ्यांपुढे आईशेजारी चिमट्याने खडे लावणारी मुलगी येते. तिचा कौटुंबिक उद्योग म्हणजे ठेकेदाराचा गठ्ठा.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग सरळ सांगा ना, जाऊ नका. तसे मी म्हणणार नाही. ज्या शहरी मैत्रिणी गावाला स्वर्ग समजतात त्यांनी चैत्र महिन्यात शिरपूर-शिंदखेड्याकडे येऊन दोन हंडे पाणी आणून दाखवावे. कित्येक बायांना सुरत हवी असते आणि त्यांची कारणे ऐकण्यासारखी असतात. एकत्र कुटुंबातून सुटका. जेठ समोर आला की डोक्यावरचा पदर सावरत उठायचे नाही. सासूने मोजून पीठ द्यायचे नाही. नळ, दिवा, दवाखाना. एका बाईने मला सांगितले की लग्नानंतर नऊ वर्षांनी सुरतेत तिने पहिल्यांदा स्वतःला आवडते ते कालवण केले. ज्या वहीच्या पानावरून हा लेख सुरू झाला तिथली बाईसुद्धा जाणारच नाही असे म्हणत नव्हती. तिची अट होती की मोठी मुलगी सोबत यावी आणि खोली आधी तिने पाहावी. 'तयार नाही' हा नवऱ्याने केलेला अनुवाद होता.

आणि हे फक्त मजुरांच्या घरात होते असे वाचक मैत्रिणींनी समजू नये. बँकेत, कारखान्यात, कंपनीत बदली झालेल्या नवऱ्यामागून जाणाऱ्या शिकलेल्या बायांचा हिशेब तरी कुठे वेगळा असतो? नवऱ्याला बदलीचा भत्ता मिळतो, सामानाचे पैसे मिळतात. बायको खाजगी शाळेतली अकरा वर्षांची सेवा सोडते, त्याचा भत्ता कोण देते? नर्स असेल तर नव्या राज्याच्या परिचर्या परिषदेत पुन्हा नोंदणी, म्हणजे खेटे आणि रिकामे महिने. अंगणवाडी सेविका असेल तर प्रश्नच मिटला, कारण ते पद त्या गावच्या रहिवासी बाईचे, बदली होत नाही, सेवाज्येष्ठता गावातच मरते. न्यायालयांनीही यावर दोन तोंडांनी बोलून ठेवले आहे. 1977 साली पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने म्हटले की हिंदू पत्नीने पतीच्या घरी राहणे हे तिचे कर्तव्य आहे, नोकरीच्या सबबीने तिला आपल्या मर्जीने वेगळे राहता येणार नाही. पुढच्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने शिक्षिका असलेल्या एका पत्नीच्या खटल्यात विचारले की नवऱ्यापेक्षा चांगली नोकरी असलेल्या बाईनेच ती सोडून त्याच्याकडे का जावे? घर कुठे असावे हे दोघांनी मिळून ठरवावे, एकट्या नवऱ्याचा तो अधिकार नाही, असे त्या निकालात सांगितले. ही गोष्ट 1978ची. आमच्या भागातल्या किती वकिलांना तो निकाल ठाऊक आहे? नांदायला येत नाही म्हणून बायकोला नोटीस मात्र सगळ्यांना लिहिता येते.

कामगार कायद्यांकडे वळावे तर तिथेही 'कामगार' म्हणजे एकटा पुरुष, ज्याच्यामागे घर आपोआप सरकत येते. 1979च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात एक चांगली तरतूद होती. ठेकेदाराने दुसऱ्या राज्यात नेलेल्या मजुराला मासिक वेतनाच्या निम्म्याइतका विस्थापन भत्ता द्यावा, आणि तो परत मागू नये. आमच्याकडची माणसे मेहुण्या-भाच्याच्या ओळखीने जातात, ठेकेदाराच्या कागदावर नाही, त्यामुळे ती या कायद्यात कधी बसलीच नाहीत. नव्या संहितेने व्याख्या रुंदावली, स्वतःहून गेलेला मजूरही आत घेतला. नोव्हेंबर 2025 पासून ती अमलात आहे. पण ती करताना विस्थापन भत्ताच गाळला, प्रवासाचा भत्ता तेवढा उरला. म्हणजे तिकीट मिळेल. बिऱ्हाड मोडण्याची आणि पुन्हा मांडण्याची किंमत पूर्वीसारखीच 'घरातून'.

आमच्या कामगार संघटनांतल्या मित्रांशी या विषयावर बोलले की ते म्हणतात, ताई, आधी माणसाला काम तर मिळू द्या, चूल तर पेटू द्या, बायकांच्या हिशेबाचे नंतर बघू. हे 'नंतर' मी चळवळीत आल्यापासून ऐकते आहे, माझ्या आधीच्या मैत्रिणी त्याच्याही आधीपासून. त्यांना माझे साधे उत्तर आहे. चूल पेटवायला जे 26,000 लागले ते कुणी दिले? गुंतवणूक करणाऱ्याला बैठकीत खुर्ची मिळते, ही तर भांडवलदारांचीही रीत आहे.

तेव्हा बिऱ्हाड हलवायचे ठरत असेल तर आधी पानावर तिसरा रकाना आखावा : 'कुणाचे'. बकऱ्या कुणाच्या, मणी कुणाचे, गटाचे पैसे कुणाचे. जे तिचे ते उसने म्हणून लिहावे आणि नवऱ्याने सही करावी. हसू नका. आम्ही आतापर्यंत काही घरांत हे करून घेतले आहे आणि सही करताना जो संकोच होतो त्यातूनच अर्धे बोलणे सुरू होते. बचत गट सोडण्याआधी आपली बचत आणि आपल्या वाट्याचे कर्ज किती हे पासबुकावर लिहून घ्यावे, तोंडी हिशेबावर निघू नये. गावच्या बँकेतले खाते बंद करू नये.

खोली बाईने पाहिल्याशिवाय डिपॉझिट देऊ नये. जाऊन-येऊन एका माणसाच्या तिकिटाचा खर्च येतो. पुरुष खोली पाहतो तेव्हा भाडे पाहतो. बाई पाहते तेव्हा संडास किती खोल्यांत मिळून आहे, कडी आतून लागते का, पाणी किती वाजता येते आणि रात्रपाळीला नवरा गेल्यावर जिन्यात कोण बसते हे पाहते. भाड्याच्या करारावर किंवा पावतीवर दोघांची नावे असावीत. उद्या घरात मारहाण झाली तर 2005चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा भाड्याच्या खोलीलाही लागू आहे, खोली कुणाच्याही नावावर असली तरी तिथे राहण्याचा हक्क तिला आहे. तरी पण कागदावर नाव असलेल्या बाईशी पोलीस आणि घरमालक वेगळ्या भाषेत बोलतात, हा आमचा अनुभव आहे. त्या कायद्याखाली ती सुरतेतही अर्ज करू शकते आणि माहेरी परत आली तर माहेरच्या गावच्या न्यायालयातही. 181 हा महिलांसाठीचा क्रमांक गुजरातेतही चालतो, तिकडे त्याला 'अभयम' म्हणतात. तो मुलीलाही पाठ असावा.

परतीच्या तिकिटाचे पैसे बाईच्या जवळ, तिच्या हातात, वेगळे ठेवावेत. मुलांसकट. हा खर्च कुठल्याच पानावर मी अजून पाहिलेला नाही. आणि गावचे घर विकून डिपॉझिट भरणाऱ्यांना मी दोन वर्षे आठवायला सांगते. सप्टेंबर 1994 मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो लोकांनी सुरत सोडली, तेव्हा भुसावळकडे येणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदीत सुरतेचे मजूर गावी जाऊ द्या म्हणून रस्त्यावर आले. दोन्ही वेळा ज्यांच्या गावात एक खोली शिल्लक होती त्यांना निदान जायला ठिकाण होते.

सरकारकडे मागणे एवढेच आहे की धान्य जर राज्याची सीमा ओलांडू शकते तर बाईचे बाकीचे का नाही. विधवा आणि वृद्ध बायांचे पैसे मध्येच न तुटता नव्या राज्यात चालू राहावेत, शालेय पोषण आहार आणि अंगणवाडीत केलेल्या कामाची वर्षे दुसरीकडे धरली जावीत, घरी येणाऱ्या गठ्ठ्यामागच्या व्यापाऱ्याचे नाव कुठेतरी नोंदलेले असावे. यातले काहीही चंद्रावरचे नाही. अंगठा लावून तांदूळ देणारे यंत्र ज्यांनी बनवले त्यांना एवढे जमेल.

त्या घराचे पुढे काय झाले ते विचारले जाईल म्हणून सांगते. बोलणी तीन बैठका चालली. मोठ्या मुलीवरून सर्वांत जास्त अडले. शेवटी सासूने जेठाच्या घरी राहायचे ठरले, बदल्यात दरमहा 800 रुपये जेठानीच्या हातात द्यायचे. ही रक्कम त्या गृहस्थांनी पानावर स्वतः लिहिली. एकूण 26,000च्या वर गेला. दोन खोल्या बाईने नापसंत केल्या, तिसरी घेतली, भाडे 300 रुपयांनी जास्त. मणी गहाण पडले नाहीत, त्याऐवजी नवऱ्याने मोबाइल विकला आणि भावाकडून उसने घेतले. फेब्रुवारीत ती माणसे गेली. मुलगी पालिकेच्या मराठी शाळेत जाते. दारात गठ्ठा येतोच, आई तो घेतेही. मुलीने हात लावायचा नाही हा नियम किती दिवस टिकतो ते पाहायचे आहे.

उधना, लिंबायत, डिंडोली, गोडादरा, पांडेसरा या भागांत राहणाऱ्या किंवा तिथे बहीण-भावजय असलेल्या वाचक मैत्रिणींना विनंती : तुमच्या गल्लीत लेस लावण्याचा, खडे चिकटवण्याचा आणि धागे कापण्याचा नगाचा दर सध्या काय आहे, पैसे किती दिवसांनी मिळतात आणि कापून काय घेतात, हे पोस्टकार्डावर का होईना, पुढच्या अंकापूर्वी मासिकाच्या पत्त्यावर कळवा. नाव लिहिले नाही तरी चालेल, दर मात्र नीट लिहा.